होमी भाभा : मोजमापाचा हट्ट

४ ऑगस्ट १९५६. शनिवारची दुपार. मुंबईच्या पूर्व उपनगरांच्या टोकाला, चेंबूरच्याही पलीकडे, ट्रॉम्बेच्या डोंगर आणि खाडीच्या मधल्या पट्टीत उभ्या राहिलेल्या एका इमारतीत काही तरुण शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ मापकांच्या काट्यांवर नजर लावून बसले होते. पावणेचार वाजता त्या काट्यांनी जे सांगायचे ते सांगितले. पाण्याच्या हौदात ठेवलेल्या युरेनियममधील विभाजनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू झाली होती. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी. पुढे जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे नाव ‘अप्सरा’ ठेवले.

हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासारखे काहीच घडले नव्हते. पाणी तसेच, सळ्या तशाच. घडले ते एवढ्या सूक्ष्म पातळीवर की ते केवळ मोजता येत होते. आणि मोजणारी यंत्रे इथली होती. अप्सरेचे इंधन ब्रिटनमधून आले. पण तिची नियंत्रण आणि मोजमाप यंत्रणा मुंबईतच, अय्यगारी सांबशिव राव यांच्या हाताखालच्या चमूने बांधली होती. डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या चरित्रात अणुभट्ट्या, अणुऊर्जा आयोग, जिनिव्हाची परिषद यांची वर्णने भरपूर असतात. मापकांचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक त्यांच्या साऱ्या उद्योगाची किल्ली तिथेच सापडते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू आणि सुविद्य पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते, आणि आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथ, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका यांची रेलचेल. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा पायऱ्या चढून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यांत्रिकी अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची योजना होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे धावत होते. अखेर बापलेकांत तह झाला. अभियांत्रिकीच्या परीक्षेत प्रथम श्रेणी मिळवली तर पुढे गणिताच्या अभ्यासाचा खर्च वडील देतील. १९३० मध्ये भाभांनी ती श्रेणी मिळवली आणि १९३२ मध्ये गणितातही मिळवली. मनाविरुद्ध शिकलेली ती अभियांत्रिकी वाया गेली नाही, हे पुढे दिसलेच.

ज्या काळात भाभा केंब्रिजमध्ये होते तो तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा सुवर्णकाळ. एकट्या १९३२ सालाकडे पाहावे. चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. त्यासाठी त्यांनी आयनीकरण कक्षातून येणारे क्षीण विद्युत-स्पंद व्हॉल्व्हच्या साह्याने मोठे करून ऑसिलोग्राफवर उमटवले होते. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कृत्रिम रीतीने वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडले. विन-विल्यम्स यांनी स्पंद मोजताना दर दोनांमागे एकच पुढे सोडणारे मंडल तयार केले, त्यामुळे हाताने मोजता न येणाऱ्या वेगाने येणारे कणही मोजता येऊ लागले. ब्लॅकेट आणि ऑकियालिनी यांनी मेघकक्षाला गायगर नळ्या जोडून कणांनाच स्वतःचे छायाचित्र काढायला लावले. भाभा स्वतः कागद-पेन्सिलीचे शास्त्रज्ञ. झुरिकला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर अशा दिग्गजांच्या सहवासात ते सिद्धांत घडवत होते. परंतु राहत होते ते अशा जागी, जिथे दर नव्या शोधामागे कुणीतरी बांधलेले एखादे नवे मंडल असे.

त्यांचा विषय होता विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र कोसळणारे अतिऊर्जित कण. १९३७ मध्ये जर्मनीतून निर्वासित झालेले वॉल्टर हाइटलर यांच्यासह भाभांनी या किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणातून जाताना प्रकाशकण सोडतो, प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते, ती जोडी पुन्हा प्रकाशकण सोडते. ढोबळ मानाने दर टप्प्याला कणांची संख्या दुप्पट धरली, तर वीस टप्प्यांत एका कणाचे दहा लाखांहून अधिक कण होतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाची त्यांनी केलेली आकडेमोड तर आजही ‘भाभा विकिरण’ म्हणूनच जगभर ओळखली जाते.

त्याच सुमारास विश्वकिरणांत एक मध्यम वजनाचा कण आढळला होता. १९३८ मध्ये भाभांनी त्याविषयी एक विलक्षण सूचना केली. हा कण अल्पायुषी असून प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत असेल, तर आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार त्याचे घड्याळ आपल्याला मंद चाललेले दिसायला हवे. ज्याला आपण आज म्यूऑन म्हणतो, त्याचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची दोन-सव्वादोन पट. तेवढ्या वेळात प्रकाशही सुमारे ६६० मीटरच जातो. आणि हे कण तर दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मून जमिनीपर्यंत पोचतात. काळ ताणला जातो म्हणूनच ते पोचतात. १९४१ पासून प्रयोगांनी हे सिद्ध झाले. ते सिद्ध करायला मायक्रोसेकंद मोजणारी मंडले लागली. सिद्धांत कितीही देखणा असो, त्याचा निकाल घड्याळाकडे असतो, ही गोष्ट या सिद्धांतकाराला फार लवकर उमगली होती.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे इथेच अडकले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात, टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने त्यांनी विश्वकिरण संशोधन कक्ष सुरू केला. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. पण बंगळुरूतील त्या वर्षांतले खरे शिक्षण निराळे होते. केंब्रिजमध्ये शेजारच्या खोलीत मिळणारी गोष्ट इथे देशात कुठेच मिळत नव्हती. गायगर नळ्या, त्यांना लागणारा उच्च दाबाचा स्थिर विद्युत-पुरवठा, स्पंद मोजणारी मंडले, सारे काही स्वतः करावे लागे. भाभांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. युद्धकाळात अमेरिकन हवाई दलाच्या विमानातून ही जुळणी आकाशात नेऊन त्यांनी विषुववृत्ताजवळच्या भागातील कणांची मोजणीही केली.

येथे या मोजमापाचे मर्म थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण भाभांच्या पुढील निर्णयांचा अर्थ त्यावाचून लागत नाही. कण शोधकातून गेला की क्षणभर विजेचा एक स्पंद निर्माण होतो. त्या स्पंदाला दोन प्रश्न विचारायचे असतात. तू नेमका केव्हा आलास, आणि किती मोठा आहेस. पहिल्याच्या उत्तरावरून कणाची दिशा व आयुष्य कळते, दुसऱ्याच्या उत्तरावरून त्याची ऊर्जा. हे उत्तर डोळ्यांनी वाचण्याचे यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप, आपल्याकडच्या महाविद्यालयांतला ‘सीआरओ’. १८९७ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने ज्या ऋणकिरण नळीचा उपयोग दाखवला, तिचेच हे अपत्य. हिरवट पडद्यावर प्रकाशाचा ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो आणि विजेच्या दाबाप्रमाणे वर-खाली होतो.

गोम अशी, की हे दोन प्रश्न यंत्राकडून परस्परविरोधी गुण मागतात. ‘केव्हा’चे उत्तर अचूक हवे तर यंत्र चपळ हवे; त्याची बँडविड्थ, म्हणजे किती वेगाने होणारे बदल ते टिपू शकते ती मर्यादा, मोठी हवी. ‘किती’चे उत्तर अचूक हवे तर बारीक पायऱ्या वाचणारी नजर हवी, त्याला रिझोल्युशन म्हणतात. बँडविड्थचे दार जितके मोठे उघडावे तितका विजेचा उपजत गोंगाट आत शिरतो. चौपट बँडविड्थ घेतली की हा गोंगाट साधारण दुप्पट होतो, आणि बारीक पायऱ्या त्यात बुडून जातात. सोनाराचा काटा आणि धावण्याच्या शर्यतीचे घड्याळ एकाच डबीत मागण्यासारखे हे आहे. मिळते, पण दोन्हींत थोडे थोडे सोडून.

आकड्यांत पाहायचे तर १९४७ मध्ये अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीने ५११ क्रमांकाचा ऑसिलोस्कोप बाजारात आणला. स्पंद आला की मगच ठिपका धावू लागेल अशी सोय त्यात होती आणि त्याने प्रयोगशाळांचा चेहरामोहरा बदलला. त्याची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ. अशा यंत्राला स्वतःलाच शून्यावरून माथ्यावर चढायला सुमारे ३५ नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश शाळेतल्या फूटपट्टीइतके अंतर कापतो. ३५ नॅनोसेकंदांत तो दहा मीटर पुढे गेलेला असतो. गायगर नळीच्या सुस्त स्पंदांना हे यंत्र पुरून उरत असे. पण कण गेल्यावर चमकणारे सिंटिलेटर वापरात आले आणि त्यांचे स्पंद अवघ्या काही नॅनोसेकंदांचे निघाले. वर्षावातील कणांची पहिली फळी जमिनीवर कुठल्या बाजूने कलती आली, हे ठरवायचे तर दूरदूरच्या शोधकांतील काही नॅनोसेकंदांचा फरक मोजावा लागतो. यंत्राची शर्यत तेव्हापासून लागली ती लागलीच.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली. हे पत्र प्रसिद्ध आहे ते त्यातील दूरदृष्टीसाठी. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा तज्ज्ञ परदेशांतून आणावे लागू नयेत, असा त्याचा आशय. १ जून १९४५ रोजी संस्था बंगळुरूत सुरू झाली आणि १९ डिसेंबरला मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात तिचे उद्घाटन झाले. १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत गेली. आजच्या कुलाब्याच्या देखण्या इमारतीचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये झाले.

यॉट क्लबातील ती वर्षे मोठी रंगतदार होती. एकीकडे जगातले नामवंत गणितज्ञ फळ्यावर लिहीत, दुसरीकडे तरुण पदवीधर हातात सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेले. काच फुंकून गायगर नळ्या तिथेच बनत. युद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी सामानातून व्हॉल्व्ह, रोहित्रे, धारित्रे धुंडाळून आणली जात. १९४८ मध्ये रुजू झालेले बी. व्ही. श्रीकांतन हे असेच एक तरुण. भाभांनी त्यांना कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरवले. खडकाच्या थराखाली किती म्यूऑन पोचतात ते मोजायचे आणि त्यासाठी लागणारी उपकरणे स्वतःच बांधायची. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्या मोजणीतूनच पुढची परंपरा निघाली. १९६५ मध्ये त्याच खाणींत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत दुसऱ्या गटालाही ती लागली. जगातल्या या अगदी पहिल्या नोंदी.

उपकरणे विकत का घेत नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. प्रश्न रास्तच होता. परदेशी यंत्र तयार मिळते, त्याचे माप विश्वासार्ह असते, आणि संशोधकाची दोन वर्षे वाचतात. घरी बांधलेले यंत्र बहुधा त्याहून मंद, अवजड आणि लहरी असे. भाभा काही परदेशी मालाचे वैरी नव्हते. गरज पडली तिथे त्यांनी सढळ हाताने खरेदी केली. कॅनडाच्या मदतीने ‘सायरस’ ही ४० मेगावॉटची अणुभट्टी १९६० मध्ये उभी केली आणि १९६४ मध्ये अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० संगणक कुलाब्यात आणला. पण तो येण्याआधी संस्थेतल्या तरुणांनी आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने ‘टिफ्रॅक’ हा स्वतःचा संगणक बांधला होता. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. ४० बिटांचे २०४८ शब्द साठवणारी त्याची स्मृती, आणि आलेख व अक्षरे दाखवणारा ऋणकिरण नळीचा पडदा! ऑसिलोस्कोपची नळी इथे गणिताचे उत्तर दाखवू लागली. हा संगणक काही काळातच कालबाह्य झाला. ज्यांनी तो बांधला ते मात्र झाले नाहीत. भाभांचा हिशेब असा होता. यंत्राची किंमत ते यंत्रात नव्हे, ते उघडून दुरुस्त करू शकणाऱ्या माणसांत मोजत.

१९५७-५८ मध्ये परकीय चलनाचा दुष्काळ पडला तेव्हा हा हिशेब व्यवहारातही खरा ठरला. डॉलर मिळणे दुरापास्त झाल्यावर प्रयोगशाळेच्या टेबलावरचे साधे मापकही आयात करणे अवघड होऊन बसले.

ट्रॉम्बे म्हणजे त्या काळच्या मुंबईकराच्या दृष्टीने जवळजवळ परगाव. माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने नुकतेच उभे राहत होते; बाकी खाडी, मिठागरे आणि कोळ्यांची वस्ती. ३ जानेवारी १९५४ रोजी अणुऊर्जा संस्थेची तिथे स्थापना झाली आणि ऑगस्टमध्ये अणुऊर्जा खाते निर्माण झाले. भाभांनी जागा निवडली ती एकांत, समुद्राचे पाणी आणि शहराशी असलेले अंतर पाहून. तिथल्या एकेका झाडाचा ते विचार करत, अभियंत्यांचे आराखडे सौंदर्यदृष्टीने दुरुस्त करत, बागांत जातीने लक्ष घालत. हा माणूस उत्तम चित्रकार होता, संगीताचा मर्मज्ञ होता, आयुष्यभर अविवाहित राहिला आणि शास्त्रज्ञांपेक्षा कलावंतांत अधिक रमला, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. त्यात अतिशयोक्ती असली तरी ट्रॉम्बेच्या आखणीकडे पाहून ती क्षम्य वाटते.

याच आवारात इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग वाढला. अणुभट्टीला जी मापके लागतात त्यांची मागणी विश्वकिरणांच्या मागणीचेच दुसरे रूप आहे. भट्टी सुरू होताना न्यूट्रॉन इतके थोडे असतात की एकेक स्पंद सुटा मोजावा लागतो, म्हणजे चपळाई हवी. पूर्ण शक्तीवर त्यांची संख्या कोट्यवधी पटींनी वाढते. तेव्हा स्पंद एकमेकांत मिसळतात आणि मोजायचा असतो तो एक अखंड, पण अत्यंत क्षीण प्रवाह. तिथे सूक्ष्म नजर हवी. एकाच यंत्राने हे साधत नाही, म्हणून वेगवेगळ्या मापकांची साखळी लावावी लागते आणि एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रे जाताना मध्ये आंधळा टप्पा राहून चालत नाही. मोजमाप चुकले तर प्रयोग फसतो एवढ्यावर इथे भागत नाही. चेंबूर-घाटकोपरची वस्ती काही मैलांवर होती. अप्सरेची मापके आपल्याच माणसांनी बांधावीत, या भाभांच्या निर्णयातील धाडस या अंतराच्या संदर्भात पाहायला हवे. सांबशिव राव आणि मंडळींनी ते निभावले. ट्रॉम्बेत बनलेली मोजणीयंत्रे आणि किरणोत्सर्ग-मापके पुढे देशातील इतर संस्थांनाही पुरवली जाऊ लागली.

सारेच काही भाभांवर लुब्ध नव्हते. मेघनाद साहा यांनी अणुसंशोधन एकाच हाती आणि गुप्ततेच्या पडद्याआड जात असल्याबद्दल संसदेत कडाडून टीका केली. विद्यापीठे कोरडी पडत असताना एका संस्थेवर पैसा ओतला जातो, हा त्यांचा आक्षेप आजही खोडून काढणे सोपे नाही. पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज ये-जा करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे संस्थेतील अगदी आरंभीचे गणितज्ञ. अणुऊर्जा या गरीब देशाला परवडणारी नाही, सूर्याची ऊर्जा वापरा, असे ते उघड सांगत. दोघांचे बिनसत गेले आणि १९६२ मध्ये कोसंबींचा संस्थेशी संबंध संपला. भाभांच्या कारकिर्दीवरील हा डाग आहे, असे मानणारे मराठी वाचक कमी नाहीत, आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही.

१९६२ च्या चीन युद्धाने देशाच्या उणिवा उघड्या पडल्या. इलेक्ट्रॉनिक्स ही त्यांतली एक. बंगळुरूला १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला होता. पण एरवी देशातील इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे मुख्यतः रेडिओची जुळणी. १९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि सांबशिव राव हे सदस्य. दहा वर्षांचा आराखडा करायचा होता. यॉट क्लबात आणि ट्रॉम्बेत जे छोट्या प्रमाणावर केले, ते आता देशाच्या पातळीवर करण्याचा हा बेत. सुटे भाग, मापक यंत्रे, दळणवळण, संगणक या सगळ्यांचा एकत्र विचार भारतात प्रथमच होत होता.

तो अहवाल प्रसिद्ध झालेला भाभांनी पाहिला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता. भाभा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी जानेवारीत ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

एप्रिल १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून हैदराबादेत ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ उभी राहिली. सूत्रे अर्थातच सांबशिव रावांकडे. मुंबई परिसरातही वारे वाहू लागले होते. मुलुंडची हद्द ओलांडली की लागणाऱ्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १९६२ पासून अॅपलॅब ही कंपनी उभी होती. तिचे विद्युत-पुरवठे आणि ऑसिलोस्कोप पुढे अनेक महाविद्यालयांच्या टेबलांवर दिसू लागले. १९७३ मध्ये अंधेरीला ‘सीप्झ’ हे इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी खास क्षेत्र सुरू झाले. तिथे कालांतराने हिरे आणि दागिन्यांनी इलेक्ट्रॉनिक्सला मागे सारले, हा भाग वेगळा. टाटा संस्थेच्याच सूक्ष्मलहरी विभागातून निघालेली ‘समीर’ ही संशोधन संस्था १९८४ पासून पवईत आयआयटीच्या आवारात काम करू लागली.

तरीही भाभांच्या हट्टाला एक मर्यादा पडली, आणि ती नेमकी ऑसिलोस्कोपच्या बाबतीत स्पष्ट दिसते. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरच्या युगात हुशार तंत्रज्ञ टेबलावर बसून चांगले यंत्र बांधू शकत होता. आजच्या ऑसिलोस्कोपचा प्राण असतो स्पंदाचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप. साध्या यंत्रात ती ८ बिटांची असते, म्हणजे स्पंदाची उंची २५६ पायऱ्यांत वाचते. १२ बिटांची असेल तर ४०९६ पायऱ्यांत. २०१८ मध्ये कीसाइट कंपनीने ११० गिगाहर्ट्झ बँडविड्थचे यंत्र आणले, ते १० बिटांचे. त्याच वर्षी टेलिडाइन लेक्रॉयने १२ बिटांचे आणले, त्याची बँडविड्थ ८ गिगाहर्ट्झ. ‘केव्हा’ आणि ‘किती’ यांचे जुने भांडण सत्तर वर्षांनंतरही मिटलेले नाही, फक्त आखाडा हजारो पटींनी पुढे सरकला आहे. आणि त्या आखाड्यात भारतीय नाव नाही. वरच्या श्रेणीचा ऑसिलोस्कोप आपल्या प्रयोगशाळांना परदेशी कंपन्यांकडूनच घ्यावा लागतो. चिप घडवणारे कारखाने ज्या दशकांत उभे राहायला हवे होते, त्या दशकांत ते राहिले नाहीत. सुट्या भागांच्या पायावर भाभा समितीने दिलेला भर कागदावरच अधिक राहिला. भाभा आणखी वीस वर्षे जगते तर चित्र बदलले असते काय, याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही.

अप्सरा २००९ मध्ये बंद झाली. तिच्या जागी अद्ययावत ‘अप्सरा-यू’ सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. मलबार हिलवरील भाभांचा ‘मेहरांगीर’ बंगला स्मारक व्हावा म्हणून खटपटी झाल्या. २०१४ मध्ये तो ३७२ कोटी रुपयांना विकला गेला आणि दोन वर्षांनी पाडण्यात आला.

विश्वकिरणांचे मोजमाप मात्र चालू आहे. उटीजवळच्या डोंगरावर टाटा संस्थेचा ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग वर्षावातील कण टिपत असतो. त्याचे सिंटिलेटर संस्थेच्याच कार्यशाळेत तयार होतात आणि स्पंद मोजणारी मंडलेही घरचीच. कणांची फळी कुठून आली ते शोधकांतील नॅनोसेकंदांच्या फरकावरून काढले जाते. १ डिसेंबर २०१४ रोजी तिथे गडगडाटी वादळ झाले आणि काही मिनिटे म्यूऑनची संख्या किंचित घटली. ही घट इतकी लहान होती की बारीक मोजणीशिवाय ती लक्षातच आली नसती. तिच्यावरून शास्त्रज्ञांनी ढगातील विजेचा दाब काढला. १.३ अब्ज व्होल्ट! २०१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा मेघगर्जनेच्या ढगात इतका दाब जगात प्रथमच मोजला गेला होता.